नाकापेक्षा मोती जड
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तुमच्यापुढं समुद्रातल्या एका बोटीविषयी बोलणार आहोत. हसू नका. आपण कोरडवाहू मुलखातली माणसं. आपल्याला पाणी दिसतं ते विहिरीच्या तळाशी, नाहीतर आभाळात, आणि तेही पडेल याची खात्री नाही. मग कापूस-ज्वारीच्या बैठकीत बोटीचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. शेवटपर्यंत ऐका. ही गोष्ट बोटीची वाटते, पण आहे ती माल घेऊन वाट पाहत उभ्या असलेल्या शेतकऱ्याची. आणि वाट पाहण्याच्या कामात आपल्याइतकं तरबेज दुसरं कोण आहे?

१९७२ साली आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळात खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. गाडीखाली झोपायचं, बैलांचा कडबा संपला की शेजारच्या गाडीवाल्याकडं मागायचा, आणि नंबर लागला की कटती ऐकायची. त्या वेळी आपण भावाचा हिशेब केला, कटतीचा केला. थांबण्याचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. बैल थांबला, माणूस थांबला, घरची वेचणी थांबली. हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही. आज जी गोष्ट सांगायची आहे ती या न लिहिलेल्या खर्चाची आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला बेटांची रांग आहे. त्यातलं एक बेट म्हणजे ॲरन. वस्ती पाच हजारांच्या आत, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. तिथं गुरं आहेत, मेंढ्या आहेत. बटाट्याची जाणकार मंडळी असतील त्यांना सांगतो, याच बेटावर डोनाल्ड मॅकेल्वी नावाच्या माणसानं बटाट्याचे वाण तयार केले आणि त्या वाणांना बेटाचंच नाव दिलं. ‘ॲरन पायलट’ हा त्यातला एक. म्हणजे बेट शेतीचं आहे, माणसं आपल्यासारखीच आहेत.

या बेटाला पूल नाही. किनाऱ्यावर आर्ड्रॉसन नावाचं बंदर, बेटावर ब्रॉडिक नावाचा धक्का, मध्ये साधारण वीस किलोमीटर समुद्र. बोटीनं तासाभराच्या आत पार व्हायचं. २०२० साली मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तशीच ही सेवा. ट्रक, मोटार जशीच्या तशी बोटीत चढते आणि पलीकडं तशीच उतरते. माणसं आणि माल एकाच बोटीतून जातात. बेटावरचं वासरू बाजाराला जायचं तर त्याच बोटीनं. हिवाळ्यात वैरण, खत, औषध, दुकानातला माल यायचा तर त्याच बोटीनं. बाळंतपण अडलं, डॉक्टरकडं जायचं, पोराला कॉलेजात सोडायचं, तरी वाट तीच. आपली एस.टी., आपला मालट्रक आणि आपला डांबरी रस्ता हे तिन्ही एकत्र केले म्हणजे त्यांची ती बोट.

आता ही बोट म्हातारी झाली. ‘कॅलेडोनियन आइल्स’ ही त्या मार्गावरची मुख्य बोट १९९३ सालची. तिच्या मदतीला येणारी ‘आइल ऑफ ॲरन’ १९८४ पासून चालतेय. बोटीचं आयुष्य साधारण तीस वर्षं धरतात. त्यानंतर काय होतं ते ज्याच्या घरी जुना ट्रॅक्टर आहे त्याला सांगायला नको. बंद पडत नाही, पण पेरणीच्या दिवशीच रुसतो. पार्ट मिळत नाही. मिळाला तर एक बसवताना दुसरं काही निखळतं. बोटीचं दुखणं याहून वाईट, कारण खारं पाणी रात्रंदिवस लोखंड खातं. दरवर्षी बोट पाण्याबाहेर काढून तपासावी लागते. २०२४ सालच्या सुरुवातीला ही मुख्य बोट अशीच वार्षिक तपासणीला नेली, आणि आतलं पोलाद जागोजागी गंजलेलं निघालं. पत्रे कापा, नवे बसवा, असं करता करता वर्ष उलटलं तरी ती परत आली नाही.

तुम्ही विचाराल, दुसरी बोट नव्हती का? हेच मोठं दुखणं आहे. त्या किनाऱ्यावर बहुतेक सगळ्या बेटांची सेवा एकच सरकारी कंपनी चालवते. बोटी मोजक्या, राखीव बोट जवळजवळ नाही. मग एका बेटाची बोट बिघडली की दुसऱ्या बेटाची काढून तिथं द्यायची. म्हणजे एका गावचं रोहित्र जळलं की शेजारच्या गावचं उतरवून तिथं नेऊन लावायचं, असा प्रकार. अंधार मिटत नाही, फक्त गाव बदलतं.

२०२३ सालच्या जून महिन्यात हेच झालं. साउथ यूइस्ट नावाच्या दूरच्या बेटाची बोट महिन्यातले बहुतेक दिवस बंद ठेवली, कारण ती दुसरीकडं हवी होती. तेव्हा तिथल्या लॉकबॉइसडेल नावाच्या धक्क्यावर सुमारे ५०० माणसं आणि २०० गाड्या जमल्या. छोट्याशा बेटावर ५०० माणसं म्हणजे घरटी माणूस आला असं समजा. दुकानदार आले, शेतकरी आले, म्हातारे आले. बोट बिघडते, हे त्यांना मान्य होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: बिघाड कुणाच्याही बोटीत होऊ दे, बळी दरवेळी आमचाच का?

बंधूंनो, बोट जुनी झाली हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. २०१५ सालीच दोन नव्या बोटींचं काम दिलं गेलं. किंमत ठरली ९ कोटी ७० लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दरानं साधारण हजार कोटी रुपये. त्यातली पहिली, ‘ग्लेन सॅनॉक्स’, याच ॲरन बेटासाठी. ती २०१८ च्या उन्हाळ्यात मिळणार होती. काम दिलं ते स्कॉटलंडमधल्याच एका जुन्या गोदीला. हेतू चांगला होता. आपल्या माणसांना रोजगार मिळेल, मोडकळीला आलेला धंदा उभा राहील. चांगल्या हेतूला नाव ठेवायचं कारण नाही. पण नुसत्या हेतूनं बोट पाण्यावर तरंगत नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मोठा समारंभ झाला. मुख्य मंत्र्यांच्या हस्ते बोट पाण्यात सोडली. बँड वाजला, फोटो निघाले. नंतर लोकांना कळलं की बोटीच्या समोरच्या खिडक्या खऱ्या नव्हत्या. काळ्या रंगानं खिडक्या रंगवल्या होत्या! तुम्ही हसलात. आपल्याकडं मंत्री येणार म्हणून झाडं खड्ड्यात खोचून उभी करतात आणि गाडी गेली की उपटून नेतात, ते तुम्हाला आठवलं असेल. रोग सगळीकडं एकच आहे. काम लोकांसाठी होत नाही, तारखेसाठी होतं.

त्या बोटीचा आराखडा पक्का होण्याआधीच पत्रे कापायला सुरुवात झाली होती. मग एक जोडा, ते काढा, परत जोडा. गोदी आणि काम देणारी सरकारी संस्था यांच्यात वाद लागला. २०१९ साली गोदीचं दिवाळं निघालं आणि सरकारनं ती ताब्यात घेतली. मार्च २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारी हिशेबतपासनिसांनी या प्रकरणावर अहवाल दिला. त्यात दोन गोष्टी आल्या, त्या आपण नीट लक्षात ठेवू. एक, पैसे टप्प्याटप्प्यानं दिले गेले, पण टप्पा झाला म्हणजे नेमकं काय झालं आणि त्या कामाचा दर्जा काय, याच्याशी पैशाची गाठ पक्की बांधलेली नव्हती. दोन, काम फसलं तर दिलेली सगळी रक्कम परत मिळेल, अशी पुरेशी हमी घेतलेली नव्हती. आपण साधा विहीर खोदणारा लावतो तेव्हा सांगतो, बाबा, अमुक हात खोदलं की इतके, कातळ लागला की इतके, आणि मोजल्याशिवाय पैसा नाही. हजार कोटींच्या सौद्यात एवढीही काळजी घेतली गेली नाही.

शेवटी ‘ग्लेन सॅनॉक्स’ जानेवारी २०२५ मध्ये सेवेत आली. साडेसहा वर्षं उशिरा. तिची जुळी बहीण २०२५ साल संपेपर्यंतही आलेली नव्हती. खर्च ठरलेल्या रकमेच्या तिपटीच्या कितीतरी वर गेला. पण उशीर आणि खर्च यावर तर सगळे बोलतात. आम्हाला जे सांगायचं आहे ते पुढंच आहे.

बोट आली, आणि ती तिच्या बंदरात मावेना! आर्ड्रॉसनचं बंदर लहान आणि जुनं. नवी बोट १०२ मीटर लांबीची. बंदराची डागडुजी, नवा धक्का, नव्या सोयी याविषयी समित्या बसत होत्या, आराखडे होत होते. पण बंदराचा मालक वेगळा, बोटीचा मालक वेगळा, बोट चालवणारा तिसरा आणि पैसे देणारं सरकार चौथं. चौघांचं एकमत होईपर्यंत बोट बांधून झाली आणि धक्का तसाच राहिला. उलट २०२४ मध्ये त्या बंदरातला एक धक्का धोकादायक ठरवून बंद करावा लागला. म्हणून नवी बोट ट्रून नावाच्या दुसऱ्याच बंदरातून सुटायला लागली. समुद्रातला प्रवास लांबला. आर्ड्रॉसनला आगगाडी थेट बंदराजवळ यायची. ट्रूनला स्टेशन वेगळीकडं, बंदर वेगळीकडं. म्हातारं माणूस पेटी घेऊन मधली वाट कशी पार करणार, हा प्रश्न बोटीच्या नकाशात कुठंच नव्हता.

एवढ्यावर संपलं नाही. ही बोट डिझेलवर आणि थंड करून द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूवर चालते. वायू स्वच्छ, म्हणून तो निवडला. पण तो भरायची सोय त्या किनाऱ्यावर नव्हती. मग वायू इंग्लंडच्या पार दक्षिण-पूर्व टोकाहून टँकरनं आणायचा, आणि टँकर चालणार डिझेलवर. प्रवाशांची संख्या आधी १००० धरली होती. सुरक्षिततेचे नियम लावले तेव्हा जिने पुरेसे नाहीत म्हणून ती ८५२ वर आणावी लागली.

याला आपल्याकडं काय म्हणतात? नाकापेक्षा मोती जड. मोती खोटा नव्हता, चांगलाच होता. पण नाकाला विचारून घडवला नव्हता.

आता याच मार्गावर घडलेली दुसरी गोष्ट ऐका. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथल्या एका कुटुंबानं २००१ साली स्वतःची बोटसेवा सुरू केली. सरकारी अनुदान नाही. त्यांनी आधी काय पाहिलं? सगळ्यात जवळची वाट कुठली, आणि दोन्ही टोकांना धक्का कसा आहे. टाकून दिल्यासारखा पडलेला धक्का त्यांनी दुरुस्त करून घेतला, मग त्यावर जुनी बोट चालवली. पैसा जमला तेव्हा २००८ साली फिलिपाइन्समधून दोन तळांची हलकी बोट बांधून आणली. २०१९ साली व्हिएतनाममधून ‘आल्फ्रेड’ नावाची दुसरी आणली. ९८ मोटारी, ४३० माणसं. किंमत १ कोटी ४० लाख पौंड.

आणि मग काय झालं? ॲरनची जुनी बोट वरचेवर आजारी, नवी बोट येईना, तेव्हा २०२३ साली सरकारी कंपनीनं हीच ‘आल्फ्रेड’ भाड्यानं घेतली. नऊ महिन्यांचं भाडं ९० लाख पौंड. पुढं मुदत वाढवत नेली. हिशेब तुम्हीच करा. जी वस्तू १ कोटी ४० लाखांत नवी मिळत होती, तिचं पहिल्या नऊ महिन्यांचंच भाडं ९० लाख. आपल्या हंगामात जोडी नसलेला शेतकरी दुसऱ्याचे बैल पाहिजे त्या भावानं आणतो, तसंच हे. अडल्या हरीची गोष्ट सरकारलाही चुकत नाही. फरक इतकाच, की आपण अडलो तर आपल्या खिशातून जातं, सरकार अडलं तरी आपल्याच खिशातून जातं.

पण बंधूंनो, यावरून घाईनं एक निष्कर्ष काढू नका. खासगी ते सगळं चांगलं आणि सरकारी ते सगळं वाईट, असं आम्ही म्हणत नाही. जिथं वाट जवळची आहे आणि गर्दी आहे तिथं खासगी बोट उत्तम चालते. गूरॉक आणि डनून यांच्यामध्ये एक कंपनी १९७३ पासून छोट्या बोटी दिवसभर थोड्या थोड्या वेळानं सोडते आहे. बोट चुकली तर पुढची येते. पण शंभर-दीडशे माणसांच्या लांबच्या बेटाला, हिवाळ्याच्या वादळात, निव्वळ भाड्यावर बोट चालवायला कोण येईल? कुणी येणार नाही. तिथं सरकारनं पैसा घालायलाच हवा. पैसा कुणाचा हा पहिला प्रश्नच नाही. पैसा कुणाला विचारून खर्च झाला, हा पहिला प्रश्न आहे.

विचारून केलं तर कसं होतं, ते नॉर्वे देशात पाहायला मिळतं. तिथं समुद्राच्या लांब लांब चिंचोळ्या खाड्या आत घुसलेल्या आहेत. रस्ता खाडीशी येऊन थांबतो आणि पलीकडून परत सुरू होतो. मधली बोट हा रस्त्याचाच तुकडा समजतात. २०१५ साली तिथं लाव्हिक आणि ओप्पेडाल या दोन गावांमध्ये ‘आम्पेरे’ नावाची बॅटरीवर चालणारी बोट सुरू झाली. मोटारी नेणारी, निव्वळ बॅटरीवर चालणारी जगातली ती पहिली बोट. वीस मिनिटांची खेप, दिवसाला चौतीस फेऱ्या. अडचण अशी होती की दोन्ही गावांची वीजवाहिनी अशक्त. बोट धक्क्याला लागल्यावर जेमतेम दहा मिनिटांत चार्ज करायची म्हटलं तर गावातले दिवे मंद व्हायचे. आपल्याला हे समजायला वेळ लागणार नाही, आपल्याकडं मोटर सुरू झाली की घरातला बल्ब काजव्यासारखा होतो.

मग त्यांनी काय केलं? बोटीच्या आधी धक्क्याचा विचार केला. दोन्ही धक्क्यांवर मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. बोट समुद्रात असते तेव्हा त्या गावच्या अशक्त वाहिनीतून हळूहळू भरतात, आणि बोट लागली की झटक्यात तिला देऊन टाकतात. यात नवं काही नाही. ज्याच्या विहिरीचा झरा बारीक आहे तो हेच करतो. रात्रभर पाणी साठू देतो आणि सकाळी एकदम उपसतो. अक्कल तीच. पण ती वापरायची तर आधी विहीर पाहावी लागते, मग मोटर घ्यावी लागते. स्कॉटलंडात मोटर आधी घेतली आणि विहीर नंतर पाहिली.

आता भाड्याचं बोलू. माल पिकवणाऱ्याचं मरण बहुतेक वेळा भाड्यातच असतं. कडब्याचं पाहा. कडबा आकारानं मोठा, वजनानं हलका, किमतीनं कमी. ट्रकभर कडबा लांबच्या बाजारात नेला तर भाड्यातच संपतो. बेटावरच्या शेतकऱ्याला बाहेरून वैरण आणताना असंच होतं. बोटीचं भाडं ट्रकच्या लांबीवर, त्यामुळं आत सोनं असो की गवत, भाडं तेवढंच. त्यावर तिथं एक विचार निघाला. समुद्रातून जेवढं अंतर जायचं, तेवढंच अंतर रस्त्यानं जायला जो खर्च येतो, साधारण तेवढंच भाडं घ्यायचं. वर थोडा ठरावीक आकार. बेटावर राहिला म्हणून माणसाला दंड नको, हा त्यामागचा न्याय. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये काही बेटांना हा दर प्रयोग म्हणून लावला, आणि पुढं २०१४-१५ पर्यंत तो त्या किनाऱ्यावरच्या इतर मार्गांनाही मिळाला.

न्याय चांगला होता. पण २०१२ साली बाहेरच्या बेटांवर या स्वस्त दरातून मोठी मालवाहू वाहनं वगळली. माणसाला आणि मोटारीला स्वस्त, मालाच्या ट्रकला महाग! पाहुण्याची मोटार सवलतीत गेली आणि शेतकऱ्याचं खत, वैरण आणि जनावर पुऱ्या दरानं गेलं. बेटांवर ओरड झाली. सरकारचं म्हणणं असं, की सवलत व्यापाऱ्यापाशीच अडकते, खाली ग्राहकापर्यंत पोचत नाही. असेलही. पण पाणी चारीत झिरपतं म्हणून कालवाच बंद करायचा का? चारी दुरुस्त करायची की शेत कोरडं ठेवायचं?

दुसरं असं झालं की भाडं उतरलं तशी पर्यटकांच्या मोटारींची गर्दी वाढली. बोटी मात्र तेवढ्याच आणि तशाच जुन्या. उन्हाळ्यात स्थानिक माणसालाच जागा मिळेना. सवलत द्यायची आणि जागा वाढवायची नाही, म्हणजे लग्नाच्या पत्रिका दुप्पट वाटायच्या आणि स्वयंपाक तेवढाच करायचा.

तिसरी गोष्ट मोजण्याची. बोट किती वेळा वेळेवर गेली याचे दोन आकडे निघतात. एक प्रत्यक्षातला आणि एक करारातला. करारातल्या आकड्यात वादळ आणि मान्य केलेल्या इतर कारणांनी रद्द झालेल्या फेऱ्या धरत नाहीत. म्हणून कागदावर सेवा जवळजवळ शंभर नंबरी, आणि धक्क्यावर माणूस भिजत उभा. कंपनी खोटं बोलत नाही, आकडा करारानुसार खराच असतो. पण वासराला करार वाचता येत नाही. बाजाराचा दिवस चुकला की चुकला. जनावर गाडीत उभं राहिलं की वजन उतरतं, चारा लागतो, आणि पुढच्या बाजारात भाव काय निघेल ते कुणी सांगू शकत नाही. केंद्राबाहेर थांबलेल्या आपल्या कापसाचं आणि धक्क्यावर थांबलेल्या त्या वासराचं दुःख एकच आहे. दोघांचंही वजन रांगेतच कमी होतं.

मग अशी म्हातारी वाट सुधारायची कशी? आमच्या समजुतीप्रमाणं क्रम असा असायला हवा.

पहिली गोष्ट, माल आणि माणूस मोजा. कुठल्या महिन्यात किती जनावरं, किती वैरण, किती आजारी माणसं, किती पाहुणे. वर्षाची सरासरी काढून भागत नाही. बाजाराच्या आठवड्यात काय होतं ते पाहा.

दुसरी गोष्ट, धक्का पाहा. पाण्याची खोली, वारा कुठून येतो, गाडी चढायचा पूल भरती-ओहोटीबरोबर कसा वर-खाली होतो, आगगाडी नाहीतर मोटार कुठवर येते, इंधन कुठून मिळणार. ज्या दिवशी बोटीचं काम द्यायचं त्याच दिवशी धक्क्याचंही काम द्या, आणि दोन्हींचा जाब एकाच्याच गळ्यात बांधा.

तिसरी गोष्ट, बोट नाकाएवढी घ्या. एक राजेशाही बोट घेण्यापेक्षा दोन साध्या बोटी बऱ्या. एक बिघडली तर दुसरी निम्मं काम तरी करते. आणि सगळ्या बोटी एकाच घडणीच्या घेतल्या तर पार्ट एक, कारागीर एक, आणि कुठलीही बोट कुठल्याही धक्क्याला लागते.

चौथी गोष्ट, राखीव ठेवा. बियाणं सगळं एकाच पावसावर टाकणारा शेतकरी आपण मूर्ख समजतो. दुबार पेरणीपुरतं घरात ठेवायचं असतं. बोटीचंही तसंच.

पाचवी गोष्ट, मोजमाप धक्क्यावर उभं राहून करा. किती फेऱ्या गेल्या हे विचारू नका. किती माणसं राहिली, किती माल राहिला, किती बाजार चुकले, हे विचारा. आणि हे मोजणाऱ्यांत बेटावरची माणसं असू द्या. ज्याचं जळतं त्याला कळतं. ऑक्टोबर २०२५ पासून त्याच सरकारी कंपनीला पुढच्या दहा वर्षांचं काम निविदा न काढता थेट दिलं गेलं आहे. प्रतिस्पर्धी नसेल तर धाक कुणाचा? उरतो तो फक्त लोकांच्या वहीचा.

बंधूंनो, आपल्याला बोट बांधायची नाही. पण आपल्या तालुक्यात कुणी गोदाम बांधायला येतो, कुणी शीतगृह, कुणी बाजारतळ, कुणी पूल. बांधून होतं, फीत कापली जाते, आणि मग कळतं की गोदामाकडं ट्रक वळायला रस्ता नाही, शीतगृहाला वीज नाही, बाजारतळावर पाण्याचा नळ नाही. आपण म्हणतो, आपलं नशीब. हे नशीब नव्हे. जगातल्या श्रीमंत, शिकलेल्या, हुशार देशातही हेच होतं, कारण तिथंही ठरवणारा वेगळा आणि थांबणारा वेगळा.

म्हणून या बैठकीतून जाताना एक काम घेऊन जा. आपल्या गावच्या मालाची जी वाट आहे, ती रस्त्याची असो, केंद्राची असो की मोंढ्याची, तिथं या हंगामात आपण किती वेळ थांबलो ते लिहून काढा. तारीख, पोचल्याची वेळ, सुटल्याची वेळ, आणलेलं वजन, लागलेलं वजन. साधी शाळेची वही पुरे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या पोरीनं लिहावं. पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या. आपण मागणी करतो तेव्हा साहेब विचारतात, आकडा कुठं आहे? आपल्यापाशी आजवर आवाज होता, आकडा नव्हता.

त्या बेटावरची ५०० माणसं धक्क्यावर जमली तेव्हा त्यांच्यापाशी दोन्ही होतं. किती दिवस बोट आली नाही, किती माल अडला, हे त्यांना तोंडपाठ होतं, कारण ते त्यांनी स्वतः भोगलं होतं. भोगणं आपल्याकडंही कमी नाही. लिहून ठेवणं तेवढं बाकी आहे. ते या हंगामापासून सुरू करू.